ठरलेल्या कुस्त्या, खऱ्या जखमा

रूथ लिटमन यांचा ‘लिपस्टिक अँड डायनामाइट’ हा माहितीपट २००४ सालचा. अमेरिकेत १९४० आणि १९५०च्या दशकांत तिकीट लावून, गावोगाव फिरून कुस्त्या खेळणाऱ्या बायका हा त्याचा विषय. बोलणाऱ्या मुख्यतः सहा जणी : ग्लॅडिस गिलेम, आयडा मे मार्टिनेझ, एला वॉल्डेक, पेनी बॅनर, मे यंग आणि ‘फॅब्युलस मूला’ या नावाने गाजलेली लिलियन एलिसन. चित्रीकरणाच्या वेळी सगळ्या म्हाताऱ्या होत्या, आज त्यांच्यापैकी एकही हयात नाही. हा माहितीपट मी पूर्वी एकदा पाहिला होता तो गंमत म्हणून. ४ मे २०२४ रोजी गूगलच्या पहिल्या पानावर हमीदा बानूचे चित्र झळकले आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘भारतातील पहिली महिला पहिलवान’ अशा बातम्यांची दोन दिवस रेलचेल झाली, तेव्हा तो पुन्हा काढून पाहिला. या लेखात त्या माहितीपटाचे गुणदोष मांडायचे आहेत. पण ते मांडताना डोळ्यांसमोर दुसरा, अजून न झालेला एक माहितीपट आहे. त्याची नायिका अमेरिकेत नव्हती, कल्याणला दूध विकत होती.

आधी धंद्याविषयी थोडे. आपल्या मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की चितपट. हलगी थांबते, पंच हात वर करतो, इनाम जाहीर झालेले असते ते मिळते. जत्रेच्या फडात काही कुस्त्या बरोबरीत सोडवतात, काही जोडी संगनमताने लढल्याचा बभ्रा होतो, पण तो बभ्राच असतो, नियम नव्हे. व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल आधी ठरलेला असतो आणि तो ठरलेला आहे हे कबूल न करणे हाच धंद्याचा पहिला कायदा. कुस्तीच्या बोलीत या मौनाला ‘केफेब’ म्हणतात. पहिलवानाची बायको, पोरे, शेजारी, कोणापाशीही ते मोडायचे नाही. लिटमन यांच्या माहितीपटातल्या बायका कॅमेऱ्यापुढे बसतात तेव्हा धंदा सोडून बऱ्याच जणींना कित्येक दशके झालेली आहेत, धंद्यातले गुपित सगळ्या जगाला कळून चुकले आहे, तरी त्यांच्या बोलण्यात ते मौन अधूनमधून परत येते. ‘मी तिला हरवले’ असे त्या म्हणतात, ‘मला जिंकायला सांगितले’ असे सहसा म्हणत नाहीत. दिग्दर्शिका त्यांना अडवत नाही. हा या कृतीचा पहिला मोठा गुण मी मानते. खरे-खोटे करण्याचा आग्रह धरला असता तर या बायकांनी तोंडे मिटली असती आणि आपल्याला एक फार महत्त्वाची गोष्ट दिसलीच नसती : निकाल ठरलेला असला तरी हाडे खरीच मोडतात.

ती गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते एला वॉल्डेकच्या बोलण्यात. जुलै १९५१मध्ये ओहायो राज्यातल्या ईस्ट लिव्हरपूल गावी एका लढतीदरम्यान जॅनेट वूल्फ ही अठरा वर्षांची मुलगी कोसळली आणि काही तासांत गेली. एला त्या लढतीत समोरच्या बाजूला होती. पोलिसांनी चौकशी केली, सोडून दिले. पन्नास वर्षांनंतरही हा प्रसंग सांगताना एलाचा चेहरा बदलतो, वाक्ये आखूड होतात. माहितीपट इथे संगीत थांबवतो, बाकी कुठे तो थांबवत नाही. ठरलेल्या कुस्तीत मेलेली ही मुलगी बिली वूल्फने दत्तक घेतलेली होती, आणि हा बिली वूल्फच त्या धंद्याचा मालक होता.

वूल्फविषयी सांगायचे तर आधी मिल्ड्रेड बर्कविषयी सांगावे लागते. कॅन्सस राज्यात १९१५ साली जन्मलेली ही बाई. १९३०च्या दशकाच्या मध्यावर वूल्फने तिला जत्रांतून फिरवायला सुरुवात केली. तंबूबाहेर पुकारा व्हायचा : हिच्या वजनाच्या आसपास असलेल्या कोणाही पुरुषाने दहा मिनिटांत हिला पाडून दाखवावे, पंचवीस डॉलर घेऊन जावे. पुरुष यायचे, तिकीट काढून त्यांचे मित्र यायचे. १९३७मध्ये क्लारा मॉर्टेन्सनला हरवून ती महिलांची जगज्जेती ठरली आणि पुढची पंधराएक वर्षे तिचेच राज्य होते. वूल्फ तिचा नवरा, तिचा व्यवस्थापक आणि अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या महिला पहिलवानांचा ठेकेदार. मुली त्याच्याकडे शिकायच्या, त्याच्याकडून लढती मिळवायच्या, कमाईतला मोठा वाटा त्याला द्यायच्या. त्यांच्यापैकी कित्येकींशी त्याचे संबंध होते. तो त्यांना हिरे द्यायचा. बर्कच्या सांगण्यानुसार तो तिला मारायचाही.

बर्क १९८९ साली वारली, त्यामुळे ती या माहितीपटात बोलत नाही. लिटमन यांनी तिची पोकळी इतर जणींच्या आठवणींनी भरली आहे. ग्लॅडिस गिलेमच्या आठवणी त्यांत सर्वांत रोखठोक. बर्कपुढे रात्रीमागून रात्री हरत राहणे हीच तिची नोकरी होती. हरणाऱ्या बाईला धंद्यात काय किंमत असते, ती चांगली हरली तरच समोरची चांगली जिंकलेली कशी दिसते, हे तिच्या बोलण्यातून जितके कळते तितके कुठल्या पुस्तकातून कळले नसते. पुढे तिने कुस्ती सोडली आणि सिंह-मगरींशी खेळ करू लागली. हे ती ज्या सहजतेने सांगते त्यावरून वाटते की सिंह तिला वूल्फपेक्षा बरे वाटले असावेत. आयडा मे मार्टिनेझ पुढे परिचारिका झाली. तिच्या बालपणाच्या हकिकती ऐकताना कुस्तीचा आखाडा ही तिला घरापेक्षा सुरक्षित जागा का वाटली असेल ते उमगते. या सहा जणींचे कुस्तीनंतरचे आयुष्य लिटमन यांनी कुस्तीइतक्याच आस्थेने दाखवले आहे. खेळाडूंवरच्या बहुतेक माहितीपटांत निवृत्तीनंतरची दहा मिनिटे उरकून टाकलेली असतात, इथे उलट आहे.

दोष पाहू. पहिला दोष नावातच आहे. माहितीपटाच्या उपशीर्षकात या बायकांना कुस्तीतल्या ‘पहिल्या’ म्हटले आहे. त्या पहिल्या नव्हेत. कोरा लिव्हिंगस्टन नावाची पहिलवान १९१०च्या सुमारास अमेरिकेत जगज्जेती म्हणून गाजत होती. तिच्याआधीही तंबूंतून आणि नाट्यगृहांतून बायका लढत होत्या. ‘पहिली’ हे विशेषण मोठे मोहाचे असते. ते लावले की आधीच्या सगळ्या पुसल्या जातात आणि इतिहास लिहिणाऱ्याचे काम अर्धे होते. हमीदा बानूबाबत आपण तेच केले.

दुसरा दोष अधिक गंभीर. एथेल जॉन्सन, बॅब्ज विंगो, मार्व्हा स्कॉट या तिघी सख्ख्या बहिणी, कृष्णवर्णीय, ओहायोच्या. १९५०च्या दशकात त्या याच धंद्यात, याच वूल्फच्या हाताखाली लढत होत्या. लिटमन यांच्या सहा जणींच्या मेळाव्यात त्यांना जागा नाही. त्यांच्यासाठी ‘लेडी रेसलर’ हा वेगळा माहितीपट ख्रिस बोर्निया यांना पुढे करावा लागला. अमेरिकेतल्या एका गटाची गोष्ट सगळ्यांची म्हणून सांगितली गेली की काय होते याचे हे उदाहरण.

तिसरा दोष पैशाविषयीचा आहे आणि तो मला स्वतःला नीट दिसला नव्हता, दाखवून दिला तो आमच्याकडच्या बायकांनी. मी शहापूर तालुक्यात, तानसा जलाशयाच्या अलीकडच्या एका गावात राहते. बचत गटाच्या बैठकीनंतर एकदा हा माहितीपट लॅपटॉपवर लावला. मी थांबवून थांबवून अर्थ सांगत होते. ज्या बायका जंगलातून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन चार-पाच किलोमीटर येतात, उन्हाळ्यात दोन-दोन हंडे एकावर एक चढवून टेकाड चढतात, त्यांना बाईच्या अंगातल्या ताकदीचे अप्रूप वाटायचे कारण नव्हते. (तानसाचे धरण १८९२चे. त्याचे पाणी मुंबईला जाते आणि मार्च-एप्रिल उजाडला की आसपासच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही.) धोबीपछाडीसारख्या डावांना त्या हसल्या. गिलेमच्या मगरींना जास्त हसल्या. मग एकीने विचारले, ‘‘बाई, मंग पैसं कोनाच्या हातात जायाचं?’’

हा प्रश्न मनात धरून माहितीपट पुन्हा पाहिला की त्याची वीण उसवू लागते. मूला आणि मे यंग साउथ कॅरोलिनात एकाच घरात राहत, डायमंड लिल ही ठेंगणी पहिलवानही त्यांच्याबरोबर असे. या तिघींचे घर, त्यांची थट्टामस्करी, त्यांचे एकमेकींना सांभाळून घेणे यांत दिग्दर्शिका रमून जाते. मे यंग तर सत्तरी उलटल्यावर, २००० साली, दूरचित्रवाणीवरच्या कुस्तीत टेबलावर आदळून घ्यायला तयार झालेली बाई. तिच्यावर कोणीही लुब्ध होईल. पण मूला केवळ पहिलवान नव्हती. वूल्फचा धंदा मोडल्यावर तिने स्वतःची तालीम काढली, मुली तयार केल्या, त्यांच्या लढती ठरवल्या आणि त्यांच्या कमाईवर टक्केवारी घेतली. वूल्फने तिला जे केले असेल ते तिने पुढच्या पिढीला केले का, हा प्रश्न माहितीपट विचारत नाही. इतर जणींच्या बोलण्यात मूलाचे नाव निघाले की एक कडवट छटा येते, कॅमेरा ती टिपतो आणि पुढे सरकतो. मूला २००७मध्ये वारली. त्यानंतर तिच्या काही शिष्यांनी व त्यांच्या नातेवाइकांनी तिच्यावर पिळवणुकीचे आरोप जाहीरपणे केले. २०१८मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कुस्ती कंपनीने महिलांच्या एका सामन्याला तिचे नाव दिले, तेव्हा इतका गदारोळ झाला की काही दिवसांत ते काढावे लागले. आरोप खरे-खोटे ठरवण्याचे साधन माझ्यापाशी नाही. पण २००४मध्ये जिच्या घरात कॅमेरा लावून दिग्दर्शिका बसली होती तिला हिशेबाची वही दाखवा असे म्हणण्याची संधी होती, ती तिने घेतली नाही.

न्यूयॉर्क राज्यात बायकांच्या कुस्तीवर १९७२पर्यंत बंदी होती. ती उठवण्यासाठी मूला झगडली आणि त्या वर्षीच्या जुलैत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढली, हेही तितकेच खरे. पिळवणूक करणारी आणि वाट मोकळी करणारी बाई एकच असू शकते. माहितीपटाने ही गुंतागुंत पेलायला हवी होती.

आता हमीदा बानूकडे.

मिर्झापूरची ही मुलगी. सलाम पहिलवान या वस्तादाकडे शिकायला अलीगढला गेली म्हणून वर्तमानपत्रांनी तिला ‘अलीगढची ॲमेझॉन’ केले. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. तिच्या खुराकाचे आकडे त्या काळच्या पत्रकारांनी कौतुकाने छापले : रोज साडेपाच लिटरांहून अधिक दूध, पावणेतीन लिटर सूप, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, दोन प्लेट बिर्याणी. सहा तास मेहनत, नऊ तास झोप. आपल्याकडच्या पहिलवानांच्या खुराकाच्या दंतकथा ऐकून वाढलेल्या वाचकाला हे आकडे ओळखीचे वाटतील. त्यांतले किती खरे आणि किती जाहिरातीसाठी, हे वेगळे काढता येत नाही. कोल्हापूरच्या तालमींतल्या मल्लांबाबतही ते नेहमीच काढता आलेले नाही.

१९४४ साली मुंबईत गूंगा पहिलवानाशी तिची लढत ठरली. वीस हजार लोक जमल्याचे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले. ऐनवेळी गूंगाने जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, लढत रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली. फेब्रुवारी १९५४मध्ये तिने ते प्रसिद्ध आव्हान दिले : मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक अशा दोन मल्लांना तिने पाडले. मेमध्ये ती बडोद्याला आली. बडोदे म्हणजे मराठी व्यायामपरंपरेचे माहेर : माणिकरावांची जुम्मादादा व्यायामशाळा तिथली, मुजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ तिथला. राजघराण्याचा आश्रय असलेला छोटा गामा तिच्याशी लढणार होता, त्याने माघार घेतली. मग बाबा पहिलवान उभा राहिला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत पडला. गूगलने चित्र काढले ते या लढतीच्या सत्तराव्या वर्षी.

लग्नाच्या आव्हानात कोणाचे डोके होते? लढून जिंकेल त्यालाच वरीन म्हणणारी स्त्री ही फार जुनी कल्पना आहे. आपल्याकडे स्त्रीराज्यातल्या प्रमिलेची कथा कीर्तनांतून घरोघर पोहोचलेली. मार्को पोलोने मध्य आशियातल्या अशाच एका राजकन्येची हकीकत लिहून ठेवली आहे, तिच्याशी हरणाऱ्याला घोडे द्यावे लागत. मिल्ड्रेड बर्कच्या तंबूबाहेरचा पंचवीस डॉलरांचा पुकाराही त्याच घराण्यातला. पुरुषाची खाज ओळखून तिकीट विकणारा कोणी तरी प्रत्येक वेळी मागे उभा असतो. हमीदाच्या मागे सलाम होता.

पुरुषांच्या खाजेची दुसरी बाजू म्हणजे संताप. एका पुरुषाला पाडल्यावर तिची हुर्यो उडवली गेली, दगड मारले गेले, पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची लढत स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. रणजय सेन यांनी भारतीय खेळांच्या इतिहासावरील पुस्तकात तिच्या एका कार्यक्रमाचा तपशील दिला आहे तो वाचून मी बराच वेळ थबकले. तिच्या लढतीनंतर एक लंगडा आणि एक आंधळा अशा दोघांची कुस्ती ठेवलेली होती. आंधळ्याने दाढ दुखते म्हटले म्हणून लंगडा विजयी! ज्या फडात बाईची कुस्ती आणि अपंगांची थट्टा एकाच तिकिटात बसते, तिथे बाईकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते ते सांगायला नको.

तिच्या कुस्त्यांना अप्रत्यक्ष बंदीच झाली तेव्हा तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले की बंदी ती बाई आहे म्हणून नाही, आयोजकांविरुद्ध तक्रारी आहेत, ते तिच्यापुढे बनावट मल्ल उभे करतात असे म्हणतात.

या उत्तरावर विचार करताना लिटमन यांचा माहितीपट फार उपयोगी पडतो, म्हणून तर दोन्ही गोष्टी मी शेजारी ठेवल्या. मोरारजींचा आरोप निराधार असेलच असे मी म्हणणार नाही. १ मिनिट ३४ सेकंद हा आकडा जाहिरातीच्या कागदावर जितका शोभतो तितकाच तो संशयही वाढवतो. पण ‘कुस्ती खरी की ठरलेली’ हा प्रश्न कोणाला आणि कधी विचारला जातो ते पाहा. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींबद्दलही हीच शंका चहाच्या टपरीवर बोलली जात असे. ती शंका हा तिथे करमणुकीचाच भाग होता, दारासिंग त्याने लहान झाला नाही, पुढे चित्रपटांचा नायक आणि टीव्हीवरचा हनुमान झाला. बाईच्या बाबतीत तीच शंका सरकारी उत्तराची भाषा होते. शिवाय दोष आयोजकांचा असे सरकारच म्हणते, आणि तरी थांबते ती बाईची कुस्ती. न्यूयॉर्कच्या बंदीने अमेरिकेत जे केले ते इथे एका गुळगुळीत खुलाशाने केले.

दोन्हीकडचे १९५४ हे साल मात्र चमत्कारिक जुळते. २० ऑगस्ट १९५४ रोजी अटलांटात मिल्ड्रेड बर्क आणि जून बायर्स यांची लढत झाली. ठरवाठरव मोडून पडली होती, दोघी खऱ्याच लढल्या. तासाभरानंतर निकाल न लागताच ती थांबवली आणि विजेतेपद बायर्सच्या पदरात टाकले गेले. वूल्फशी फारकत घेतलेल्या बर्कची अमेरिकेतली कारकीर्द तिथे जवळजवळ संपली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती चमू घेऊन जपानला गेली आणि जपानी महिला कुस्तीची सुरुवात त्या दौऱ्यापासून धरतात. हमीदा बानूने त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिनला मिनिटाच्या आत पाडले आणि आता युरोपात लढायला जाणार असे जाहीर केले. ती गेली नाही. नातवाच्या सांगण्यानुसार सलामला तिचे युरोपला जाणे मान्य नव्हते, त्याने तिला मारले, हात मोडला. शेजाऱ्याच्या सांगण्यानुसार पायही मोडले, पुढे कित्येक वर्षे तिला काठीशिवाय नीट चालता येत नव्हते.

एकीचा मालक सुटला म्हणून ती समुद्र ओलांडू शकली, दुसरीला समुद्र ओलांडायचा होता म्हणून मालकाने तिचे हातपाय मोडले. योगायोगावर सिद्धांत उभारू नये हे मला कळते. तरीही वूल्फ आणि सलाम यांच्यातले साम्य योगायोगाचे नाही. शिकवणारा, लढती ठरवणारा, पैसे घेणारा आणि घरात राहणारा पुरुष एकच असला की बाईला दाद मागायला जागा उरत नाही. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या पदकविजेत्या मुली बसल्या होत्या, महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत. त्यांचीही अडचण हीच होती की ज्याच्याविरुद्ध तक्रार, निवडीची किल्ली त्याच्याच कंबरेला.

सलाम आणि हमीदा यांचा दुधाचा धंदा होता, अलीगढ-मुंबई-कल्याण असा. सलाम पुढे अलीगढला परतला, ती कल्याणला राहिली. दूध विकले, रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकले, थोडे घरभाडे येत असे. १९८६मध्ये वारली. सलामची मुलगी म्हणते त्यांचे लग्न झाले होते, ती माझी सावत्र आई. नातू म्हणतो लग्न झालेच नव्हते. कोणी तरी एक खोटे बोलते असे नव्हे. दोघांच्या घरात ती वेगवेगळी बाई होती.

तिच्यावर माहितीपट करायचा तर लिटमन यांच्याकडून घेण्यासारखे एवढे आहे : परस्परविरोधी साक्षी जशाच्या तशा ठेवायच्या, मध्ये निवेदकाचा आवाज घालून त्या मिटवायच्या नाहीत. न घेण्यासारखेही आहे, ते म्हणजे नायिकेच्या प्रेमात पडून हिशेब विसरणे. अमेरिकेत बोलायला सहा जणी होत्या. इथे नायिका गेली, वस्ताद गेला. उरली ती छायाचित्रे, इंग्रजी वर्तमानपत्रांच्या जाहिराती आणि कुर्रतुलऐन हैदर यांच्या एका कथेतला उल्लेख, ज्यात घरचा नोकर मुंबईची दंगल पाहून येतो आणि तिला कोणी हरवू शकत नाही असे सांगतो. एवढ्यावर गौरवपट सहज होईल. मला त्याची भीती वाटते. खुराकाचे आकडे पडद्यावर येतील, लग्नाचे आव्हान येईल, ढोल वाजतील, आणि कल्याणची तीसएक वर्षे शेवटच्या पाटीवर एका ओळीत संपतील.

माझ्या मते माहितीपट कल्याणपासून सुरू व्हावा. मार्च २०२३मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पुरुषांची १९६१पासून होते. अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला हरवले. वैष्णवी कल्याणची. आमच्या कसारा मार्गावरच्या गाड्यांत आता बॅगेला कुस्तीचे बूट लटकावलेल्या मुली दिसतात. त्यांच्या निवडीची, शिष्यवृत्तीची, आहारभत्त्याची कागदपत्रे कोणाच्या कपाटात असतात हे त्या मुलींना विचारले तर पुष्कळ ऐकायला मिळते. माहितीपटाला तिथून मागे, हमीदापर्यंत, जाता येईल.

दुसरा धागा दुधाचा. आसनगाव, आटगाव, खर्डीहून पहाटेच्या लोकलने कॅन घेऊन कल्याणला दूध घालणारी माणसे साठ-सत्तरच्या दशकांत पुष्कळ होती. त्यांच्यापैकी काही अजून आहेत. हमीदा बानू ज्या वस्तीत दूध विकत होती तिथे तेव्हा लहान असलेली मुले आज साठी-सत्तरीत आहेत. तिच्या हातातली काठी, तिचा आवाज, उधारी मागण्याची तिची पद्धत कोणाला तरी आठवत असणार. तिने दुधाचा भाव काय लावला होता आणि पैसे कोणाच्या हातात देत होते, एवढे दोन प्रश्न घेऊन कोणी कॅमेऱ्यासह तिथे गेले तर बरोबर यायला मी तयार आहे. पावसाळा सोडून कधीही.